क्षमा मागा, पण भरपाईसकट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांत ख्रिस्ती क्षमेवर दोन-चार लेख हमखास येतात. हेतू चांगलाच असतो. पण ते वाचून बाहेरच्या माणसाच्या मनात उरते ते साधारण असे: ख्रिस्ती माणूस पाप करतो, फादरच्या कानात सांगतो आणि मोकळा होतो; आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दुसरा गाल पुढे करून गप्प बसायचे. पहिला समज चुकीचा आहे. दुसरा चुकीचा तर आहेच, शिवाय घातक आहे, आणि वाईट हे की तो बाहेरच्यांपेक्षा आमच्याच लोकांत जास्त पसरला आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गांवर हा विषय शिकवणारे म्हणून काही गोष्टी मांडतो. पत्र लांबले आहे. कात्री लावण्याचा अधिकार आपला.

आधी थोडे आकडे. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? येशू म्हणतो, सात नव्हे, सातांच्या सत्तर पट. आणि लगेच एका चाकराचा दृष्टान्त सांगतो. राजाचे १०,००० तालांतांचे देणे त्याच्या डोक्यावर असते. गयावया केल्यावर राजा ते सगळे सोडून देतो. हाच चाकर बाहेर पडतो आणि १०० दीनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. प्रवचनांत हे ‘मोठे कर्ज, छोटे कर्ज’ एवढ्यावर उरकले जाते. हिशेब मांडून पाहावा. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मत्तयच्याच २०व्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांना ती ठरवून दिलेली आहे. एका तालांतात साधारण ६,००० दीनार. म्हणजे राजाचे देणे ६ कोटी दिवसांच्या मजुरीचे. वर्षाला ३०० दिवस काम धरले तर २ लाख वर्षे राबावे लागेल. आजची मजुरी ५०० रुपये धरली तर राजाचे देणे ३,००० कोटी रुपये होते आणि सोबत्याचे ५०,०००.

३,००० कोटी कोणी फेडू शकत नाही. उपवास करून, नवस फेडून, दानधर्म करून ते देणे उतरणार नाही. ते सोडूनच द्यावे लागते. ख्रिस्ती श्रद्धेत तारण म्हणतात ते हे. पण ५०,००० रुपयेही मजुराच्या घरात किरकोळ नसतात. तीन-चार महिन्यांची कमाई आहे ती. ‘तुझे नुकसान काहीच नाही, उगाच मनाला लावून घेतोस’ असे येशू कुठेही म्हणत नाही. नुकसान खरे, देणेही खरे. ते सोडायला सांगतो तो आधी स्वतः केवढे सोडून दिले आहे ते दाखवून.

यावरून श्रद्धा मोठी की कृती मोठी, हा जुना वाद निघतो. इफिसकरांस पत्रात (२:८-१०) पौल लिहितो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. ते कर्माने मिळालेले नाही, नाहीतर माणूस फुशारकी मारील. आणि पुढच्याच ओळीत म्हणतो की सत्कृत्ये करण्यासाठीच आपल्याला घडवले आहे. याकोब (२:१७) सांगतो की कृतीवाचून विश्वास मेलेला. या मुद्द्यावरून सोळाव्या शतकात पश्चिमेची चर्च फुटली, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक आणि (प्रॉटेस्टंटांपैकी) लुथरन पक्षांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या की या विषयाच्या गाभ्याबाबत आपले एकमत आहे. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट हा दुसरा प्रॉटेस्टंट पंथही त्यात सामील झाला. आमच्याकडे मात्र अजूनही काही कॅथलिक ‘नुसता विश्वास ठेवला की झालं’ म्हणून प्रॉटेस्टंटांना हिणवतात आणि काही प्रॉटेस्टंट ‘हे पुण्य साठवणारे’ म्हणून कॅथलिकांना. दोघांनीही ती घोषणा वाचलेली नसते.

क्रम कळायचा तर लूकच्या १९व्या अध्यायातला जक्कय बघावा. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला आधी ‘पैसे परत कर, मग येतो’ असे म्हणत नाही. ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे,’ म्हणतो. कृपा आधी. पण जक्कय नुसता गहिवरून थांबत नाही. उभा राहून हिशेब सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि अन्यायाने कोणाचे काही घेतले असेल तर चौपट परत. मोशेच्या नियमशास्त्रात आपणहून कबूल करणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढेच भरायला सांगितले आहे (लेवीय, अध्याय ६). चौपट दंड आहे तो मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला (निर्गम, अध्याय २२). म्हणजे १०,००० रुपये लुबाडले असतील तर जक्कयचे १२,००० देऊन भागत होते. त्याने ४०,००० कबूल केले. आपण जकातदार नव्हे, चोर होतो, हे त्याने आकड्यात सांगितले. ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ हे वाक्य येते ते यानंतर. मेल्यावर मिळायची वस्तू म्हणून ज्याकडे पाहिले जाते ते तारण या गोष्टीत भरदिवसा, एका घरात, पैशांच्या परतफेडीसकट आलेले आहे.

आता कन्फेशनकडे येतो. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. आमच्या पुस्तकांत प्रायश्चित्त संस्कार. ‘सांगितले की सुटले’ म्हणणाऱ्यांना त्यातल्या पाच पायऱ्या माहीत नसतात: आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, धर्मगुरूसमोर निवेदन आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त. यातला निश्चय नसेल तर पुढचे सगळे पोकळ. जो माणूस सोमवारी पुन्हा तीच लाच घेण्याचे ठरवून शनिवारी रांगेत उभा आहे, त्याला धर्मगुरूने पापक्षमेचे शब्द उच्चारूनही क्षमा लागू होत नाही. फसते ते बहुधा पहिल्या पायरीवर. मोठी माणसेही लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या (प्रभुभोजनाच्या) वेळी पाठ केलेली यादी म्हणतात: खोटे बोललो, शिवी दिली, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली. चाळिशीतल्या माणसाची पापे इयत्ता चौथीतली कशी असतील? आत्मपरीक्षण दहा आज्ञांवरून करावे हे बरोबर. पण त्याहून सोपा मार्ग म्हणजे माणसांवरून करावे. घरातले एकेक माणूस डोळ्यांसमोर आणायचे, मग कामावरचे, मग शेजारचे, आणि शेवटी पैसा: कोणाचे देणे आहे, कामवालीचा पगार थकला आहे का, भाडेकरूची अनामत परत केली का. १५-२० मिनिटे पुरतात.

निवेदनातही ठरावीक घोटाळे होतात. एक म्हणजे दुसऱ्याची पापे सांगणे. सासूची, नवऱ्याची, सोसायटीच्या सेक्रेटरीची. स्वतःची सांगायची, आणि त्यात दुसऱ्याचे नाव घ्यायचे नाही. दुसरा घोटाळा, ‘फादर, मी फार पापी आहे’ असे मोघम बोलणे. गंभीर पाप कोणते आणि साधारण किती वेळा, एवढे सांगावे लागते. रसभरित तपशील नकोत. उलटा घोटाळाही असतो: एकदा सांगून क्षमा मिळालेले पाप पुन्हापुन्हा सांगत राहणे, नीट सांगितले की नाही या धास्तीने. हा मनाचा आजार होऊ शकतो. अशा माणसाने दर वेळी नवा धर्मगुरू शोधू नये. एकाकडेच जावे आणि तो ‘हे पुन्हा सांगू नकोस’ म्हणाला की ऐकावे. गुप्ततेबद्दल शंका बाळगण्याचे कारण नाही. १२१५ साली रोमला भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी निवेदन करण्याचा नियम केला, तेव्हाच धर्मगुरूच्या तोंडाला कुलूपही घातले. जो धर्मगुरू ते थेट फोडतो त्याच्यावर आपोआप बहिष्कार लागू होतो आणि तो उठवण्याचा अधिकार रोमकडे राखीव आहे. अहिल्यानगर, जालना, मिरजेकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकासमोर (त्यांच्या धर्मगुरूसमोर) असे एकेकट्याने निवेदन करण्याचा रिवाज सहसा नसतो. तेथे उपासनेत सगळे मिळून पापे कबूल करतात, आणि प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावे हा पौलाचा दंडक (१ करिंथ ११:२८) वाचला जातो. पद्धत वेगळी असली तरी पश्चात्ताप आणि भरपाई तिथेही टळत नाही.

सर्वांत जास्त गल्लत होते ती प्रायश्चित्त आणि भरपाई यांत. फादरनी मरियेची ‘नमो मरिया’ ही प्रार्थना तीनदा म्हणायला सांगितली, ती म्हटली, झाले, असे लोकांना वाटते. ‘कॅथलिक धर्मशिक्षण’ या चर्चच्या अधिकृत ग्रंथाचा १४५९वा परिच्छेद स्वच्छ आहे: पापक्षमेने पाप जाते, पापामुळे झालेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करायचे, बदनामी केली असेल तर अब्रू भरून द्यायची, इजा केली असेल तर नुकसानभरपाई.

यातही नियम आहेत, आणि ते शेकडो वर्षे घासूनपुसून तयार झालेले आहेत. पैसे ज्याचे त्याला. तो हयात नसेल तर वारसांना. माणूसच सापडण्यासारखा नसेल, जसे वजनात वर्षानुवर्षे मारलेल्या काट्याची गिऱ्हाइके, तर गरिबांना. मालक माहीत असताना ती रक्कम देवळाच्या पेटीत टाकली तर फिटत नाही. ते दुसऱ्याच्या पैशाने केलेले दान. आपले नाव उघड करण्याची सक्ती नाही, पाकिटातून किंवा मध्यस्थाच्या हाती दिले तरी चालते. एकरकमी जमत नसेल तर हप्त्यांनी. ‘पैसे खर्च होऊन गेले’ हे देणे संपल्याचे कारण होत नाही.

अब्रूची भरपाई अवघड. येथे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एखाद्याबद्दल खोटे पसरवले असेल तर ‘मी म्हणालो ते खोटे होते’ असे सांगावे लागते, आणि ज्यांना आधी सांगितले त्यांनाच. व्हॉट्सअ‍ॅपच्या २०० जणांच्या गटात टाकलेला आरोप त्या माणसाला एकट्याला ‘सॉरी’ पाठवून मिटत नाही. त्याच गटात लिहावे लागते. नुसता मेसेज डिलीट केला तर तोवर त्याचे स्क्रीनशॉट गेलेले असतात. पण एखाद्याचा खरा दोष कारण नसताना चव्हाट्यावर आणला असेल तर? कोणाच्या मुलीचे मोडलेले लग्न, कोणाचे जुने व्यसन. तेव्हा ‘ते खोटे होते’ म्हणता येत नाही, कारण ते दुसरे पाप होईल. अशा वेळी विषय तिथेच थांबवायचा, त्या माणसाबद्दल जे चांगले ठाऊक आहे ते त्याच लोकांत बोलायचे, आणि त्यामुळे त्याची नोकरी किंवा सोयरीक गेली असेल तर होईल ती मदत करायची. ही भरपाई कधीच पूर्ण होत नाही, म्हणून तर बोलण्याआधी थांबावे.

माफी मागण्याच्या भाषेबद्दल दोन शब्द. ‘माझं काही चुकलं असेल तर माफ कर’ हे वाक्य राखेच्या बुधवारी घरोघरी ऐकू येते. त्याने काही होत नाही. काय चुकले ते शोधायचे काम त्यात समोरच्यावरच टाकलेले असते. काय केले ते नाव घेऊन सांगावे, ‘पण’ हा शब्द वाक्यात येऊ देऊ नये, भरपाई कशी करणार ते सांगावे, आणि उत्तर आजच मिळाले पाहिजे असा आग्रह धरू नये. मयताच्या घरी, लग्नाच्या मांडवात किंवा दोन पेग झाल्यावर माफी मागू नये. चार लोकांच्या देखत मागितली तर समोरच्याला नाही म्हणायची सोय राहत नाही. तशी मिळालेली ‘हो’ महिनाभरही टिकत नाही.

आता दुसरा समज, गप्प बसण्याचा. लूकच्या १७व्या अध्यायात येशू म्हणतो: तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. पहिला अर्धा भाग प्रवचनातून गायब असतो. मत्तय १८:१५-१७ मध्ये तर कार्यपद्धतीच दिली आहे. आधी एकट्याने, एकांतात जाऊन बोल. ऐकले नाही तर एक-दोन जणांना साक्षीला ने. तरीही नाही तर मंडळीला सांग. तिचेही ऐकले नाही तर तो तुला परका. आमच्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो: आधी सगळ्या गावाला सांगितले जाते, मग चार नातेवाईक घेऊन दारात जातात आणि एकांतात बोलायची वेळ कधी येतच नाही. साक्षीदार निवडतानाही तो दोघांनाही चालणारा हवा. एकाचा मेहुणा मध्यस्थ म्हणून आणला तर बोलणी चहाच्या आतच फिसकटतात.

आणि दुसऱ्या गालाचे काय? मत्तय ५:३९ मध्ये उजव्या गालाचा उल्लेख आहे. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचे तर उलट्या हाताने मारावे लागते. ती अपमानाची थप्पड. सूड घेऊ नको, एवढे तेथे सांगितले आहे. मार खात राहा, असे नाही. प्रमुख याजकापुढे उभे असताना एका शिपायाने येशूच्या थोबाडीत मारली तेव्हा त्याने दुसरा गाल पुढे केला नाही. त्याने विचारले: मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान १८:२३). फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलेल्या पौलाला अधिकारी गुपचूप सोडू लागले, तेव्हा तो म्हणाला की आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे (प्रेषितांची कृत्ये १६:३७). पुढे त्याने थेट कैसराकडे अपील केले. हक्क मागणे आणि द्वेष करणे यांतला फरक त्या मंडळींना नीट ठाऊक होता.

क्षमा म्हणजे काय, हेही एकदा मोजूनमापून सांगितले पाहिजे. सूड घेण्याचा हक्क सोडणे, समोरच्याचे वाईट न चिंतणे, त्याच्यासाठी प्रार्थना करणे: एवढे क्षमा करणाऱ्याच्या हातात आहे आणि एवढेच त्याच्याकडून मागितले आहे. विसरणे त्यात येत नाही. दुखणे न जाणवणे आपल्या हाती नाही, हे धर्मशिक्षणाच्या २८४३व्या परिच्छेदातच मान्य केले आहे. पुन्हा विश्वास टाकणे, पुन्हा उसने पैसे देणे, पुन्हा एका छपराखाली राहणे यांचाही क्षमेत समावेश नाही. क्षमा एकटा माणूस करू शकतो. समेटाला दोघे लागतात. आणि विश्वास परत यायला काळ लागतो, तोही समोरच्याच्या वागण्यावर. या तिन्हींची खिचडी केली की क्षमा हे दुबळ्याला दाबायचे हत्यार होते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण वसई-उत्तन पट्ट्यातल्या कोणत्याही धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सापडेल: हक्कसोडपत्र, म्हणजे मालमत्तेतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद. गुंठ्याचे भाव वाढले, वाडीवर बिल्डर आला, आणि सातबाऱ्यावर बहिणींची नावे आहेत हे एकदम सगळ्यांच्या लक्षात आले. मग आईच्या वर्षाच्या मिस्सेनंतर, सगळे जेवून हात पुसत असताना, टंकलिखित कागद टेबलावर येतो. शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली मारलेली, सही कुठे करायची ते कळावे म्हणून. ‘मन मोठं कर. आई वरून बघतेय. तुला देवाने काय कमी दिलंय?’ बहीण वाचायला मागते तर ‘भावावर विश्वास नाही?’ आणि तिने सही नाकारली तर पुढच्या रविवारी तिच्या मागे कुजबुज, की भावाशी अबोला धरून ही कम्युनियन कशी घेते!

कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्रात ख्रिस्ती कुटुंबांना सामान्यतः भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू आहे. मृत्युपत्र न करता वडील वारले, मागे पत्नी आणि मुले असली, तर एक तृतीयांश पत्नीला आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांत समान. मुलगा-मुलगी असा भेद नाही, लग्न झालेल्या मुलीचाही हिस्सा तोच. ३० गुंठ्यांची वाडी, आई, दोन मुलगे आणि दोन मुली असतील तर आईला १० गुंठे आणि प्रत्येक मुलाला-मुलीला ५ गुंठे. (गोव्यात वारशाचा कायदा वेगळा आहे, पण मुलामुलींची समानता तेथेही आहे.) जमिनीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते, आणि एकदा नोंदवले की ‘माझा विचार बदलला’ म्हणून परत घेता येत नाही. दडपणाने किंवा फसवून सही घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, तोही खरी परिस्थिती कळल्यापासून तीन वर्षांत. म्हणून बहिणींनी कागद घरी न्यावा, वकिलाला दाखवावा, आणि मगच देण्याचे ठरवले तर खुशाल द्यावे. दान दिले तर ते दान; त्याला क्षमा म्हणू नये, कारण तिने कोणाचा अपराध सोडलेला नसतो, तिची जमीन सोडलेली असते.

आणि अबोल्यामुळे कम्युनियन कोणी घ्यायची नाही, असा प्रश्न असेल तर मत्तय ५:२३-२४ वाचावे. वेदीपाशी अर्पण आणले असता ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ असे आठवले तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. उठून जायचे आहे ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. हिस्सा गिळणाऱ्याने. हे प्रवचन गालीलातल्या डोंगरावर झाले आणि वेदी होती यरुशलेमेत, सव्वाशे किलोमीटरच्या वर. अर्पणाचा पशू तिथेच बांधून कित्येक दिवसांची पायपीट करत गावी जायचे आणि पुन्हा यायचे, असा त्याचा ऐकणाऱ्यांना लागलेला अर्थ होता. आमच्या भावांना शेजारच्या आळीत जायचे आहे.

मारहाणीच्या बाबतीत तर अजिबात गुळमुळीत बोलू नये. नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या मुलीला ‘लग्न देवाने जोडले आहे, क्षमा कर आणि परत जा’ असे सांगणारे आईवडील, आणि क्वचित फादर-पाळकही, चर्चच्या कायद्याविरुद्ध बोलतात. कॅथलिक कायद्याचे ११५३वे कलम सांगते की जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, स्वतःला किंवा मुलांना, तर वेगळे राहण्याचे ते रास्त कारण आहे. आणि थांबण्यात धोका असेल तर कोणाच्याही परवानगीची वाट न बघता निघता येते. लग्नाचा पवित्र बंध त्याने तुटत नाही, हाडेही तुटत नाहीत. ती तिच्या मनात क्षमा करील तेव्हा करील, सुरक्षित जागेवरून. आणि मुलांवरचा लैंगिक अत्याचार हा तर समेटाचा विषयच नाही. पॉक्सो कायदा, २०१२च्या १९व्या कलमाप्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवायचे आहे. न कळवणे हा २१व्या कलमाखाली गुन्हा आहे. ‘दोन्ही घरांनी बसून मिटवले, त्याने रडून माफी मागितली’ ही क्षमा नाही, ती लपवाछपवी.

क्षमा आणि शिक्षा एकत्र नांदू शकतात याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. ओडिशातल्या मनोहरपूर गावी जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची १० आणि ६ वर्षांची दोन मुले, फिलिप आणि टिमथी, यांना गाडीत झोपले असताना जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले आणि बारीपाड्याला कुष्ठरोग्यांचे काम पुढे कित्येक वर्षे चालू ठेवले. खटला आपल्या मार्गाने चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. त्यांच्या क्षमेला त्या निकालाने बाध आला नाही, निकालालाही क्षमेने आला नाही. मध्य प्रदेशात २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया यांचा बसमध्ये भोसकून खून झाला. मारेकरी समंदर सिंह तुरुंगात होता तेव्हा, २००२ मध्ये, त्यांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने तिथे जाऊन त्याला राखी बांधली. त्याची सुटका झाली २००६ मध्ये, म्हणजे अकराएक वर्षे आत काढल्यावर. क्षमा, पश्चात्ताप आणि शिक्षा या तिन्ही गोष्टी त्यात आहेत, आणि कोणी कोणाची जागा घेतलेली नाही. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले गेले, त्या सोहळ्याला तो हजर होता. यातली कोणतीही क्षमा समाजाने दबाव टाकून घेतलेली नव्हती, हे विसरू नये.

शुभशुक्रवारी वाचला जाणारा चोर आठवावा. येशूच्या शेजारच्या क्रूसावरचा. भरपाई करायला त्याचे हात मोकळे नव्हते, वेळही नव्हता. तरी ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे शब्द त्याला मिळाले (लूक २३:४३). भरपाई ही तारणाची किंमत नाही, हे याहून स्पष्ट कुठेच नाही. पण त्याने त्याआधी काय म्हटले? ‘आपली शिक्षा तर यथान्याय आहे.’ क्षमा मिळाली म्हणून त्याला कोणी खाली उतरवले नाही. संध्याकाळी शिपायांनी त्याचेही पाय मोडले.

तेव्हा संपादक महोदय, एक विनंती. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात क्षमेवरचा लेख आपण छापालच. त्याच पानावर, लेखाच्या खाली, एका चौकटीत तीन क्रमांक छापावेत: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२. आणि कन्फेशनच्या वेळा देणार असाल तर सोबत एवढे जोडा की पवित्र आठवड्यात रांगा लांब असतात आणि फादरना एकेकाला दोन-तीन मिनिटेच देता येतात. ज्यांना बरीच वर्षे झाली आहेत किंवा पैशाची, जमिनीची भानगड मिटवायची आहे, त्यांनी त्याआधीच्या एखाद्या साध्या दिवशी वेळ ठरवून जावे, आणि कागदपत्रांचा सल्ला वकिलाकडून घ्यावा.

आपले,
धर्मशिक्षण वर्गांचे काही शिक्षक,
वसई, जि. पालघर